स्टीम मशीन सोलापुरात केवढ्याला पडेल? जाहीर न झालेल्या किमतीचा हिशोब

जेमतेम सहा इंचांचा काळा ठोकळा. टीव्हीखाली ठेवायचा, एचडीएमआयची वायर जोडायची, कंट्रोलर हातात घ्यायचा आणि कॉम्प्युटरवरचे गेम सोफ्यावर बसून खेळायचे. व्हॉल्व या अमेरिकन कंपनीने १२ नोव्हेंबर २०२५ ला 'स्टीम मशीन' जाहीर केलं आणि गेमिंगवाल्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागला. केवढ्याला?

कंपनीने बाकी सगळं सांगितलंय. आत एएमडीचा सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्ससाठी वेगळी ८ जीबी मेमरी, ५१२ जीबी किंवा २ टीबी स्टोरेज. व्हॉल्वच्याच हातात धरून खेळायच्या 'स्टीम डेक'पेक्षा सहापट ताकद, असा दावा. २०२६ च्या सुरुवातीला बाजारात येणार, हेही सांगितलं. फक्त किंमत सांगितली नाही. डिसेंबर २०२५ अर्धा सरला तरी नाही.

मग यूट्यूबवर अंदाजांचं पीक आलं. कुणी ५०० डॉलर म्हणतंय, कुणी ८०० च्या पुढे जातंय. पण जुळे सोलापुरात बसून हा ठोकळा घ्यायचं स्वप्न बघणाऱ्या पोराला डॉलरमधला आकडा कळला तरी अर्धंच उत्तर मिळणार आहे. व्हॉल्व आपली यंत्रं भारतात विकतच नाही. त्यामुळे इथल्या किमतीत तिघांचा हात असणार. व्हॉल्वचा, रुपयाचा आणि कस्टम्सच्या कागदाचा. यातला तिसरा हात सगळ्यात कमी चर्चेत आहे आणि फरक तोच सगळ्यात मोठा पाडू शकतो.

व्हॉल्व किंमत का सांगत नाही?

हे सोलापूरकरांना समजावून सांगायची खरंतर गरज नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल काढणाऱ्या कुठल्याही यंत्रमागवाल्याला विचारा. सुताचे भाव आठवड्याला बदलत असताना तीन महिन्यांनंतरच्या मालाचा भाव तो आज लिहून देईल का? नाही देणार.

व्हॉल्वचं सूत म्हणजे मेमरी. २०२५ च्या शेवटच्या तिमाहीत रॅमचे भाव असे उसळले की काही आठवड्यांत कॉम्प्युटरच्या डीडीआर ५ रॅमची किंमत दुपटीच्या पुढे गेली. कारण एआय. जगात मेमरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना जी महागडी मेमरी लागते तिच्यात नफा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले आणि घरच्या कॉम्प्युटरला लागणारा माल आटला. मायक्रॉनने तर ३ डिसेंबरला 'क्रूशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी कधी जुन्या लॅपटॉपला रॅम वाढवून घेतलीय, त्यांना हे नाव ओळखीचं असेल.

स्टीम मशीनमध्ये मेमरी तीन ठिकाणी आहे. रॅम, ग्राफिक्सची मेमरी आणि एसएसडी. तिन्हींचं सूत महागलंय.

आणि गंमत म्हणजे त्याच ३ डिसेंबरला रुपया पहिल्यांदाच डॉलरमागे ९० च्या पलीकडे बंद झाला. म्हणजे इथल्या गिऱ्हाइकाला एकाच दिवशी दोन्हीकडून फटका.

पण सोनी देतं ना स्वस्तात, मग व्हॉल्वला काय झालं?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. प्लेस्टेशन ५ इतक्या ताकदीचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून जोडायला गेलात तर प्लेस्टेशनपेक्षा जास्त पैसे जातात. याचं कारण प्रिंटरच्या धंद्यासारखं आहे. प्रिंटर स्वस्त, शाई महाग. कन्सोल कंपन्या यंत्रावर नफा सोडतात, प्रसंगी तोटाही सोसतात, आणि पुढची सात-आठ वर्षं गेममधून पैसे काढतात. प्लेस्टेशनवर डिजिटल गेम घ्यायचा तर सोनीच्याच दुकानातून घ्यावा लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक कुठे जात नाही.

व्हॉल्वकडेही दुकान आहे. 'स्टीम' हे कॉम्प्युटर गेमचं जगातलं सगळ्यात मोठं दुकान त्यांचंच. तरीही व्हॉल्वचे इंजिनियर पिएर-लू ग्रिफे यांनी मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की स्टीम मशीनची किंमत साधारण तेवढ्याच ताकदीचा कॉम्प्युटर जोडायला जितका खर्च येतो तितकी असेल. तोटा सोसून विकणार नाही.

कारण हा ठोकळा कुलूपबंद नाही. त्यात व्हॉल्वची लिनक्सवर उभी असलेली 'स्टीम ओएस' आहे, पण ती काढून तुम्ही विंडोज टाकू शकता, ऑफिसचं काम करू शकता, टॅली चालवू शकता. समजा व्हॉल्वने तो तोट्यात विकला, तर एखादी कंपनी ऑफिससाठी पाचशे नग उचलेल आणि आयुष्यात एक गेम विकत घेणार नाही. असं झालेलंही आहे. प्लेस्टेशन ३ वर सुरुवातीला लिनक्स टाकता यायचं, तेव्हा अमेरिकी हवाई दलाने सतराशेहून जास्त प्लेस्टेशन एकत्र जोडून २०१० मध्ये सुपरकॉम्प्युटर उभा केला होता. सोनीला त्यातून गेम विक्रीचा छदामही मिळाला नसणार.

तेव्हा '३९९ डॉलरमध्ये येईल बघ' असं सांगणारे व्हिडिओ बिनधास्त सोडून द्या. रॅमचे भाव आणि व्हॉल्वचं म्हणणं एकत्र ठेवलं तर ५१२ जीबीच्या मॉडेलला ६०० डॉलर हा आशावादी आकडा वाटतो. ७५० झाला तरी आश्चर्य वाटायला नको.

कॉम्प्युटर की खेळणं?

आता कस्टम्सचा कागद. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक एचएसएन कोड असतो आणि त्या कोडवर कर ठरतो.

व्हिडिओ गेम कन्सोल येतो ९५०४ मध्ये, म्हणजे खेळणी आणि खेळाच्या सामानाच्या शेजारी. त्यावर २० टक्के आयात शुल्क आहे. २०१८ च्या बजेटमध्ये ते १० वरून २० केलं गेलं. शुल्काच्या १० टक्के अधिभार, म्हणजे आणखी २ टक्के. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. (जीएसटी आधी २८ होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला.) गुणाकार केला तर बाहेर १०० रुपयांची वस्तू इथे १४४ रुपयांना पडते, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा अजून बाजूलाच.

कॉम्प्युटर येतो ८४७१ मध्ये. आयात शुल्क शून्य. फक्त १८ टक्के जीएसटी. १०० चे ११८.

हा हिशोब हवेतला नाही हे दोन जुन्या किमतींवरून दिसतं. आसुसचा 'रॉग अॅलाय' हा हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर २०२३ मध्ये अमेरिकेत ७०० डॉलरला होता. तेव्हाच्या ८२ रुपयांच्या दराने ५७,४००, त्यावर १८ टक्के म्हणजे ६७,७०० च्या आसपास. भारतात तो आला ६९,९९० ला. आता प्लेस्टेशन ५ बघा. ५०० डॉलर, फेब्रुवारी २०२१ मध्ये ७३ रुपयांचा दर, म्हणजे ३६,५००. त्यावर ४४ टक्के चढवले तर ५२,५०० होतात. सोनीने थोडी पदरमोड करून ४९,९९० ला विकला. (नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच ५४,९९० झाला.) दोन्ही वस्तू गेम खेळायच्याच, पण डॉलरपासून रुपयापर्यंतची वाट वेगळी.

मग स्टीम मशीन कोण? दिसायला कन्सोल, वागायला कॉम्प्युटर. ९० रुपयांच्या दराने आकडे मांडू. किंमत ६०० डॉलर निघाली तर ५४,००० रुपये. कॉम्प्युटर ठरलं तर सुमारे ६३,७००. कन्सोल ठरलं तर सुमारे ७७,७००. एका कोडमुळे १४ हजारांचा फरक. ७५० डॉलर निघाले तर कॉम्प्युटर म्हणून ७९,६५० आणि कन्सोल म्हणून ९७ हजारांच्या वर.

किंमत जाहीर होईल त्या दिवशी कुणाच्या व्हिडिओची वाट बघू नका. डॉलरच्या आकड्याला १०६ ने गुणा, ती कॉम्प्युटरवाली किंमत. १३० ने गुणा, ती कन्सोलवाली. रुपया आणखी घसरला तर हे दोन्ही आकडेही वर सरकतील.

आणि कॉम्प्युटर ठरणं म्हणजे फायदाच फायदा, असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉप, टॅब्लेट आणि काही कॉम्प्युटरच्या आयातीवर निर्बंध आणले. नंतर ते सैल होऊन ऑनलाइन परवानगीची पद्धत आली. त्या यादीत 'अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर कॉम्प्युटर', म्हणजे अगदी छोट्या डब्याचे कॉम्प्युटरही आहेत. सहा इंचांचा ठोकळा त्यात बसवायला अधिकाऱ्याला फार डोकं लावावं लागणार नाही. स्वतःसाठी कुरियरने एक नग मागवायला या परवानगीतून सूट आहे, पण लागू असलेला कर भरावाच लागतो. शंभर नग आणून विकायचे असतील तर मात्र परवानगीचं बघावं लागेल.

नवी पेठेत मिळणार का?

अधिकृतपणे तरी नाही. व्हॉल्व स्टीम मशीन त्याच देशांत विकणार आहे जिथे स्टीम डेक विकतं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि जपान, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग. स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आलं. २०२५ च्या अखेरपर्यंत तरी भारताचं नाव यादीत आलेलं नव्हतं.

भारताला वगळण्यात व्हॉल्व एकटं नाही. जून २०२५ मध्ये निन्टेंडोचा 'स्विच २' आला आणि सप्टेंबरअखेरपर्यंत जगभरात एक कोटीहून जास्त विकला गेला. निन्टेंडो भारतात अधिकृत विक्री करत नाही. सोनीचा ताकदवान 'पीएस ५ प्रो' नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात आला, इथे नाही. कारण सोनीने दिलं ते वाय-फायचं. त्यातलं वाय-फाय ७ जो ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं, तो भारतात खुला नव्हता. केंद्राने त्या पट्ट्याचा खालचा भाग खुला करायचे मसुदा नियम मे २०२५ मध्ये काढले. स्टीम मशीनमध्ये वाय-फाय ६ई आहे, तेही हाच पट्टा वापरतं.

यातला सगळ्यात बोचणारा किस्सा पुण्याचा आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी' नावाचा गेम बनवला. राजस्थानी वाड्यांसारखे महाल, देवीची कृपा असलेली सर्कशीतली मुलगी, राक्षसांशी लढाई. तो ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्यांदा आला निन्टेंडो स्विचवर. म्हणजे पुण्यात बनलेला गेम सगळ्यात आधी अशा कन्सोलवर आला, जो पुण्यातल्या दुकानात अधिकृतपणे मिळतच नव्हता. कॉम्प्युटरवाल्यांना, म्हणजे स्टीमवर, तो दोन महिन्यांनी मिळाला. हुतात्मा एक्सप्रेसने चार तासांत पुणं गाठणाऱ्या सोलापूरच्या पोरांना आपल्याच शेजारचा गेम खेळायला थांबावं लागलं.

मग मार्ग उरतात दोन. पहिला ग्रे मार्केटचा. मुंबई-दिल्लीतले विक्रेते बाहेरून माल आणून ऑनलाइन विकतात. बिल मिळेलच असं नाही, कंपनीची वॉरंटी इथे चालत नाही. आणि सुरुवातीचे काही महिने माल कमी, मागणी जास्त, त्यामुळे वर काढलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा हे लोक चढा भाव लावणार हे गृहीत धरा.

दुसरा मार्ग मराठी घरांना चांगला ठाऊक आहे. अमेरिकेतला मावसभाऊ. परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला २०२५ मध्ये ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान करमुक्त आणता यायचं, त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के शुल्क लागायचं. त्या नियमाने ५४,००० चा ठोकळा बॅगेत असेल तर वरच्या चार हजारांवर फक्त १,५४० रुपये. अर्थात मावसभावाने त्याच बॅगेत आईला फोन आणि मामाला घड्याळ आणलं नसेल तर. तिकडचा विक्री कर वेगळा. पण कागदावर तरी हाच सगळ्यात स्वस्त रस्ता आहे. पॉवर सप्लाय आतच आहे आणि ११० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे फक्त प्लगचा अॅडॅप्टर लागेल.

दोन्ही मार्गांत अडचण एकच. बिघडलं की जायचं कुठे? एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो. बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेला सहा इंची ठोकळा तेव्हा किती तापेल, याची चाचणी व्हॉल्वने सिएटलजवळच्या आपल्या ऑफिसात केली नसेल. पंखा जाम झाला तर सर्व्हिस सेंटर इथेही नाही, पुण्यातही नाही, मुंबईतही नाही.

घेतलंच, तर त्यावर चालणार काय?

इथे स्टीम मशीनची एक बाजू भक्कम आहे. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती दिसतात, यूपीआयने पैसे देता येतात, आणि बरेच गेम भारतासाठी डॉलरच्या हिशोबापेक्षा स्वस्त ठेवलेले असतात. सेलमध्ये तर वडापावच्या पार्टीच्या पैशांत चांगला गेम येतो. प्लेस्टेशनवर नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. वर्षाला चार गेम घेणाऱ्याचा यंत्रातला जादा खर्च दोन-तीन वर्षांत भरून निघू शकतो. शिवाय ज्याच्याकडे स्टीमवर आधीच गेम घेतलेले आहेत, त्याला ते पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत.

दुसरी बाजू तितकीच लंगडी. व्हॉल्वने हा प्रयोग एकदा केलेला आहे. २०१५ मध्येही 'स्टीम मशीन' याच नावाने वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे आले आणि पडले, कारण लिनक्सवर चालणारे गेमच मोजके होते. २०१८ मध्ये व्हॉल्वने 'प्रोटॉन' आणलं. विंडोजसाठी बनलेला गेम लिनक्सवर चालवून दाखवणारा हा दुभाषा. आज त्यामुळे हजारो गेम चालतात.

हजारो चालतात, पण नेमके ते काही नाहीत. ऑनलाइन गेममध्ये चीटिंग पकडणारी सॉफ्टवेअर विंडोजच्या खोलवर घुसून बसतात आणि लिनक्सला तिथे जागा नाही. त्यामुळे 'व्हॅलोरंट' नाही. 'फोर्टनाइट' नाही. 'बॅटलफील्ड ६' नाही. ईएचा फुटबॉल, ज्याला आजही सगळे 'फिफा'च म्हणतात, तोही नाही. 'जीटीए ऑनलाइन' २०२४ पासून लिनक्सवर बंद आहे. विंडोज टाकून यातलं बरंच चालवता येईल, पण मग त्या लायसन्सचे पैसे वेगळे आणि सोफ्यावर बसून बटण दाबलं की सुरू, ही मजा गेली.

तासाच्या भावाने गेम खेळायला देणारं दुकान चालवणाऱ्यासाठी तर हा प्रश्न इथेच संपतो. त्याच्याकडे चार मित्र येतात ते फुटबॉल खेळायला. तो गेम ज्या यंत्रावर चालत नाही, ते तो घेणार नाही.

आणि मग 'जीटीए ६'. रॉकस्टारने नोव्हेंबर २०२५ मध्ये तारीख पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ केली आहे. तो येणार प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर. कॉम्प्युटरसाठी घोषणाच नाही. म्हणजे ज्या एका गेमसाठी २०२६ मध्ये घरोघरी कन्सोलचा हट्ट होणार आहे, तो स्टीम मशीनवर पहिल्या दिवशी नसेल.

मग या ठोकळ्याचं भवितव्य काय?

जगात तो स्टीम डेकसारखाच एका ठरावीक वर्गात चांगला चालेल असं दिसतं. ज्यांच्याकडे गेमचा ढीग आहे, टीव्ही मोठा आहे आणि विंडोजचा कंटाळा आलाय, असे लोक. भारतात हा वर्ग लहान आहे आणि सोलापुरात आणखी लहान. इथलं खरं कन्सोल म्हणजे फोन. पंधरा हजारांच्या फोनवर बीजीएमआय फुकट चालतं, मित्र सगळे तिथेच आहेत. त्यातून कुणी साठ-सत्तर हजार उभे केलेच तर घरात पहिला प्रश्न येतो, 'एवढ्यात लॅपटॉप नाही का येत?' कॉलेजला जाणाऱ्या पोराकडे या प्रश्नाला उत्तर नसतं. लॅपटॉपवर प्रोजेक्टही होतं, गेमही होतात, शिवाय तो इथेच दुरुस्तही होतो.

६०० डॉलरच्या आत किंमत आली आणि एखाद्या भारतीय कंपनीने अधिकृत वितरण घेतलं, तर गणित बदलेल. स्टीम ओएस व्हॉल्वने इतर कंपन्यांनाही द्यायला सुरुवात केली आहे. लेनोवोने ती आपल्या 'लिजन गो एस'वर २०२५ मध्ये आणलीच. उद्या लेनोवो किंवा आसुसने असाच टीव्हीखालचा ठोकळा काढला, तर त्यांच्याकडे इथलं दुकानही आहे, वॉरंटीही आहे आणि कॉम्प्युटरच्या कोडवर माल आणायची सवयही.

तोपर्यंत ज्याला घाई आहे त्याने आधी एक करावं. जुन्या कॉम्प्युटरवर स्टीम ओएससारखीच 'बझाइट' ही फुकट लिनक्स टाकून बघावी. एएमडीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ती सगळ्यात सुरळीत चालते. आपले रोजचे गेम त्यावर सुरू होतात की नाही, हे एका रविवारात कळेल आणि खर्च होईल फक्त एक पेन ड्राइव्ह.